सीनियर लोकांच्या कॉलनीत कार्यक्रम ठेवायचाय? मग हे आधी बघा

पहिलं म्हणजे वेळ. रात्रीचा कार्यक्रम शक्यतो नकोच, कारण वयोमानाने अंधारात कमी दिसतं, पायऱ्यांची भीती वाटते आणि मग लोक काहीतरी कारण सांगून घरीच बसतात. सकाळी ११ किंवा दुपारी ४ बरं पडतं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ऐकू येणं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीपुढच्या २५ टक्क्यांहून जास्त लोकांना त्रास होईल इतकं कमी ऐकू येतं, म्हणजे २० जण जमले तर त्यात निदान ५ जण नुसतेच हसून मान डोलावत असतात, आणि पुढच्या वेळी येतच नाहीत. म्हणून बॅकग्राउंड म्युझिक बंद, पंख्याची घरघर कमी, खुर्च्या गोलात मांडा म्हणजे बोलणाऱ्याचे ओठ दिसतात, आणि माइक असेल तर तो वापराच, 'माझा आवाज मोठा आहे' वगैरे ऐकून घेऊ नका. खुर्च्या हात असलेल्याच घ्या हं, उठताना आधार लागतो.

नोटीस मोठ्या अक्षरात लावा, ग्रुपवर टाकलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं नसतं.

नवीन राहायला आलेल्यांना नुसतं 'या हं' म्हणून भागत नाही, शेजारच्या कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन सोबत घेऊन यायचं. जोडीदार नुकताच गेलाय अशांना तर जोडीजोडीच्या खेळात अजिबात बसवू नका, त्यापेक्षा चहा वाटणं, नावं लिहून घेणं असं काहीतरी काम द्या, हातात काम असलं की माणूस आपोआप बोलायला लागतो.