चेहऱ्यासाठी सोयादूध: उकळू नका, लिंबू पिळू नका

उन्हाचे डाग फिके व्हावेत म्हणून चेहऱ्याला लावायचं कच्चं सोयादूध घरीच करता येतं. त्यासाठी सोयाबीन किराणा दुकानातलं घ्या, नाहीतर घरच्या शेतातलं खळ्यावरून आलेलं. पेरणीच्या पिशवीत उरलेलं बियाणं मात्र कधीच वापरू नका. त्याला थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते धुऊन पूर्ण निघेल असं धरून चालू नका. लातूरकडे काय किंवा विदर्भात काय, पेरणी उरकली की अशी पाव-अर्धी पिशवी घराच्या कोपऱ्यात पडून असते, म्हणून हे आधी सांगितलं.

पाव वाटी दाणे रात्री भिजत घाला. सकाळी हातानं चोळून सालं काढा आणि दोन पाण्यांनी धुवा.

खरी अडचण येते ती वाटताना. पाणी घालून वाटलं की सोयाबीनला एक हिरवट, कच्च्या शेंगेसारखा उग्र वास सुटतो. दाणा फुटला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) तेलावर काम करायला लागतं, त्याचा हा वास. तो मारायला बहुतेकजण दूध उकळायला सांगतात. प्यायच्या दुधाला हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, चेहऱ्याच्या दुधाला साफ चुकीचा. मीही कित्येक महिने उकळलेलंच दूध लावत होते. त्वचा तेवढ्यापुरती मऊ लागायची, उन्हाचे डाग होते तसेच राहिले.

कारण असं. त्वचेतला रंग एका पेशीत तयार होतो आणि तिथून वरच्या पेशींकडे पोचवला जातो. कच्च्या सोयातली ट्रिप्सिन (प्रथिन पचवणारं विकर) रोखणारी प्रथिनं ही पोच कमी करतात, असं 2000 च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिसलं. त्यातलं मुख्य प्रथिन उकळीत मोडतं. नेमकं हेच प्रथिन पोटात गेलं तर पचन बिघडवतं, म्हणून प्यायचं दूध उकळावंच लागतं. बाजारातलं पाकिटातलं सोयादूध तापवलेलंच असतं, तेव्हा ते या कामाला घेऊ नका. आणि घरचं कच्चं दूध ओट्यावर उघडं ठेवू नका, कुणीतरी पिऊन टाकेल.

वास कमी करायचा तर मिक्सरचं भांडं आणि पाणी दोन्ही फ्रीजमध्ये गार करा. गार पाण्यात ते विकर मंदावतं. पाव वाटी दाण्यांना अर्धी वाटी पाणी घ्या आणि थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं की भांडं तापतं. भांड्याला बाहेरून हात लावून बघा, कोमट लागलं तर थांबा. लगेच मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळा. थोडा वास राहतोच, तो सोसा.

दुसरा घातक सल्ला लिंबाचा. डाग लवकर जातील म्हणून मी एकदा अर्धं लिंबू पिळलं. वाटीत बघता बघता पांढरे गोळे झाले आणि खाली पिवळसर पाणी राहिलं. आंबट पडलं की सोयाचं प्रथिन साकळतं. शिवाय लिंबानं चेहरा चुरचुरला तो वेगळाच. दही, ताक, टोमॅटो, काहीही आंबट घालू नका.

दोन चमचे दुधात चमचाभर बेसन कालवा, चेहऱ्यावर पंधरा मिनिटं ठेवा आणि गार पाण्यानं धुवा. लेप वाळून तडकू देऊ नका. पहिल्या वेळी मात्र चेहऱ्याला हात लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. सोयाची ॲलर्जी खरोखर असते. शेंगदाणा सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नका. खाज, गांध किंवा सूज आली तर विषय तिथेच संपला. श्वास लागला तर तडक दवाखाना गाठा.

आठवड्यातून दोनदा पुरे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सोयाचं तयार क्रीम बारा आठवडे लावून फरक मोजला होता, तेव्हा घरच्या लेपाकडून आठ दिवसांत चमत्काराची अपेक्षा नको. कुणी 'गोरेपणा' म्हणून हे विकत असेल तर ऐकू नका. उन्हात जाताना सनस्क्रीन किंवा ओढणी नसेल तर सगळी मेहनत पाण्यात. गालावर वांग असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

केसांना लावायचं तर वेगळा हिशोब. तिथे उकळून गार केलेलं दूध चालतं, वासही कमी येतो. अख्खं प्रथिन केसाच्या आत शिरत नाही, वरून थर बसतो आणि केस दाट वाटतात, तेही पुढच्या धुण्यापर्यंतच. केस वाढत नाहीत. धुताना बोअरचं जड पाणी घेऊ नका. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं दूध साकळतं आणि केसात पांढरे कण अडकतात. टोफूही असाच साकळवतात. नळाचं किंवा पावसाचं पाणी घ्या.

उरलेलं दूध त्याच दिवशी टाकून द्या, फ्रीजमध्ये साठवू नका. फडक्यातला चोथा थालीपिठाच्या पिठात जातो, पण तव्यावर झाकण ठेवून आतपर्यंत नीट शिजवा.