हॅस्केलमध्ये स्वतःची डिक्शनरी लिहिलीत, आता टेस्ट कशा मांडायच्या

हॅस्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकताना डिक्शनरी, म्हणजे की दिली की तिची व्हॅल्यू देणारी रचना, स्वतः लिहून बघायची हौस येतेच, डेटा.मॅप ही हॅस्केलची तयार डिक्शनरी आयती मिळत असली तरी आपण बायनरी सर्च ट्री (लहान की डावीकडे, मोठी उजवीकडे ठेवणारं झाड) काढून इन्सर्ट, लुकअप, डिलीट लिहून काढतो, दोनतीन संध्याकाळी जातात, आणि मग टेस्टची फाइल उघडली की फंक्शनच्या नावाने गट पाडतो. डिस्क्राइब इन्सर्ट, डिस्क्राइब लुकअप, डिस्क्राइब डिलीट. मी पण तेच केलेलं. पण इन्सर्ट नीट झालं का हे लुकअप केल्याशिवाय कळतच नाही, मग ती टेस्ट कुठल्या गटात टाकायची? शेवटी दोन्हीकडे टाकली जाते, आणि महिन्याभराने बघाल तर एकच गोष्ट तीन ठिकाणी तपासलेली आणि महत्त्वाच्या तीन गोष्टी कुठेच नाहीत.

त्यापेक्षा तुमच्या डिक्शनरीने वापरणाऱ्याला काय शब्द दिलाय त्यावरून गट पाडा. माझे गट साधारण असे असतात: रिकामी डिक्शनरी, नसलेली की, तीच की परत टाकली तर, काढून टाकणं, दोन डिक्शनऱ्या एकत्र करणं, क्रम. आणि झाडाच्या आतल्या रचनेसाठी एक वेगळी फाइल. टेस्टसाठी एचस्पेक ही लायब्ररी वापरत असाल तर फाइलच्या नावाच्या शेवटी स्पेक ठेवा, एचस्पेक-डिस्कव्हर ती आपोआप शोधतं, मेन फाइलमध्ये हाताने यादी ठेवायला नको.

रिकामी आणि नसलेली की हे पटकन उरकतं. रिकाम्यात लुकअप केलं की नथिंग (म्हणजे काहीच सापडलं नाही), नसलेली की डिलीट केली की डिक्शनरी होती तशीच, साइज पण तेवढाच. साइज वेगळा साठवत असाल तर हे नक्की लिहा, कारण न सापडलेल्या कीसाठी पण एक वजा करून बसणं ही फार कॉमन चूक आहे.

तीच की परत टाकणं इथे मात्र थांबा. मेथी १५ टाकली, मग मेथी २० टाकली, तर २० मिळायला पाहिजे आणि साइज एकच राहायला पाहिजे. लिस्टवरून डिक्शनरी बनवणाऱ्या फ्रॉमलिस्टला एकच की दोनदा दिली तर डेटा.मॅप शेवटची व्हॅल्यू ठेवतो, पण युनियनमध्ये, म्हणजे दोन डिक्शनऱ्या एकत्र करताना, दोन्हीकडे तीच की असेल तर डावीकडची जिंकते, म्हणजे दोन्ही ठिकाणी नियम उलटा वाटतो आणि घोळ इथेच होतो. की आधीच असेल तर दोन व्हॅल्यू कशा जोडायच्या ते इन्सर्टविथला फंक्शन देऊन सांगतात, त्या फंक्शनला आधी नवी व्हॅल्यू मिळते, मग जुनी. याची टेस्ट लोक बेरीज वापरून लिहितात, आणि बेरजेत क्रम उलटा झाला तरी उत्तर तेच, म्हणजे टेस्ट कायम हिरवी! स्ट्रिंग जोडून टेस्ट करा, "नवी" आणि "जुनी" असे शब्दच द्या, लगेच दिसतं.

आता डिलीट. माझ्या सगळ्या डिलीटच्या टेस्ट पास होत्या आणि कोड चुकीचा होता, कारण मी दरवेळी पान, म्हणजे खाली फांदी नसलेला नोड, तोडत होतो, दोन फांद्यांचा नोड कधी काढलाच नव्हता. साध्या सर्च ट्रीमध्ये ४, २, ६, १, ३, ५, ७ या क्रमाने टाकलं की छान भरलेलं झाड मिळतं, त्यातून १ हे पान काढा, आता २ ला एकच मूल उरलंय, मग तो काढा, मग दोन फांद्यांचा मूळ ४ काढा, आणि प्रत्येकाची वेगळी टेस्ट, नावात नीट वाक्य लिहून. "डिलीट चालतं" हे नाव नाही हो.

झाड बॅलन्स ठेवणारं असेल तर उत्तर बरोबर येऊनही आतून झाड वाकडं असू शकतं. डेटा.मॅपमध्येच असं व्हायचं, ते झाड वजनावर (दोन्ही फांद्यांमधल्या नोडच्या संख्येवर) तोललेलं असतं आणि तोल कधी सावरायचा हे ठरवणाऱ्या जुन्या आकड्यांमुळे डिलीटनंतर तोल बिघडू शकायचा. २०११ साली हिराई आणि यामामोतो यांनी ३ आणि २ ही जोडी बरोबर असल्याचं सिद्ध केलं, आज तेच आकडे त्यात आहेत. म्हणून डेटा.मॅपसारखं एक व्हॅलिड फंक्शन तुम्ही पण लिहा, क्रम, तोल आणि साइज तिन्ही तपासणारं, आणि आतली फाइल म्हणजे प्रत्येक ऑपरेशननंतर व्हॅलिड खरं येतं का एवढंच.

हे हाताने उदाहरणं लिहून पुरत नाही, क्विकचेक लागतं. क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० साली मांडलेलं हे टूल स्वतः रँडम डेटा बनवतं, न सांगता एका प्रॉपर्टीला १०० वेळा. प्रॉपर्टी म्हणजे कुठल्याही डेटाला खरा ठरायला हवा असा नियम, आणि माझी आवडती प्रॉपर्टी म्हणजे शेजारी साधी सॉर्टेड लिस्ट ठेवायची, तिच्यावर पण तेच इन्सर्ट-डिलीट करायचं आणि शेवटी टूलिस्टशी, म्हणजे डिक्शनरीतून काढलेल्या लिस्टशी, जुळतं का बघायचं. लिस्टचा कोड इतका बाळबोध ठेवा की त्यात चूक करायला जागाच नको.

इथे दोन गोष्टींनी मी आपटलोय. एक, कीचा पल्ला मोठा ठेवला तर रँडम डिलीटला हात लागतो तो बहुतेक नसलेल्याच कीला, मग १०० पैकी कितीतरी टेस्ट फुकट, म्हणून की ० ते ९ मधल्याच घ्या आणि क्विकचेकचं लेबल लावून किती वेळा की खरंच सापडली ते बघा. दोन, रँडम झाड थेट बनवू नका, ऑपरेशनची यादी बनवा आणि त्यावरून झाड उभं करा, म्हणजे फेल झालेली केस छोटी करताना पण झाड कधी अवैध होत नाही.

अजून एक जाळं म्हणजे डिराइव्हिंग इक्यू, म्हणजे दोन गोष्टी सारख्या आहेत का ही तपासणी कंपायलरकडून आपोआप लिहून घेणं. मेथी आधी टाकली की कोथिंबीर आधी, डिक्शनरी तीच, पण झाडाचा आकार वेगळा, आणि आपोआप मिळालेलं इक्यू आकार पण बघतं. टेस्ट लाल दिसते आणि आपण रात्रभर इन्सर्टमध्ये बग शोधतो. इक्यू टूलिस्टवरून स्वतः लिहा.

इन्सर्टनंतर जुनी डिक्शनरी बदलली नाही ना, ही टेस्ट हॅस्केलमध्ये मी लिहित नाही, भाषाच ते सांभाळते. ओकॅमल या भाषेत आत कुठे म्युटेबल (नंतर बदलता येणारा) फील्ड वापरला असेल तर मात्र लिहा.

आणि की मराठी शब्द असतील तर एक गंमत. "तऱ्हा" मधला ऱ युनिकोडमध्ये ०९३१ हा एकच कोड असू शकतो किंवा र आणि खालचा नुक्ता असे दोन. डोळ्याला सारखंच, पण नॉर्मलाइज केलं नाहीत, म्हणजे दोन्ही एकाच रूपात आणले नाहीत, तर डिक्शनरीला त्या दोन वेगळ्या की. हा डिक्शनरीचा बग नाही, म्हणून ही टेस्ट तिच्या फोल्डरमध्ये नको, शब्द साफ करून आत पाठवणारं जे फंक्शन आहे त्याच्या स्पेकमध्ये टाका.