डिझेलच्या रूपातलं वाफेचं मॉडेल इंजिन: या चुका टाळा

बेळगावावरून जाणारा मिरज-लोंढा मार्ग एकेकाळी मीटरगेज होता, त्यामुळे इथल्या हौशी माणसाने वायडीएम-४ या मीटरगेज डिझेल इंजिनाचं रूप निवडणं साहजिक आहे. १:२२.५ प्रमाणात ते ४५ मिमी अंतराच्या रुळांवर व्यवस्थित बसतं. बाहेरून डिझेल, आत गॅसवर तापणारा तांब्याचा बॉयलर. यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच: सगळं हूडखाली, म्हणजे इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाखाली, कोंडलेलं असतं. १९४९ साली ब्रिटिश रेल्वेवर धावलेल्या, अभियंता बुलीड यांच्या ‘लीडर’ या वाफेच्या इंजिनाचंही रूप असंच बंदिस्त होतं, आणि आतल्या फायरमनचे उष्णतेने हाल झाले.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी तक्रार अशी. हूड काढलेला असताना बर्नर निळा, शांत जळतो. हूड बसवला की दोन-तीन मिनिटांत ज्योत पिवळी होते, फडफडते, विझते. लोक जेट (गॅस सोडणारं बारीक तोंड) बदलत बसतात. दोष जेटचा नसतो. जेटमागच्या हवेच्या भोकांतून ताज्या हवेऐवजी हूडमधली गरम, जळलेली हवा ओढली जाते. जेट आणि ती भोकं बॉयलरपासून पत्र्याच्या आडपडद्याने वेगळी करा आणि हवा फ्रेमच्या तळातून घ्या. रेडिएटरच्या जाळ्या रंगवून भागत नाही, खरी उघडी जाळी लावा. फ्ल्यूचा (बॉयलरमधून ज्योत नेणाऱ्या नळीचा) धूर थेट डिझेलच्या एक्झॉस्टमधून छताबाहेर गेला पाहिजे. सिलिंडरची वापरलेली वाफ त्याच नळीत सोडाल तर थंड इंजिनातलं पाणी फ्ल्यूत ठिबकेल. मध्ये ते पाणी अडवणारा २० मिलीचा छोटा सापळा ठेवा.

हूडची आतली रुंदी ७५ मिमी धरली, तर ५० मिमी व्यासाचा बॉयलर आणि भोवती उष्णता अडवणारा ३ मिमी सिरॅमिक कागद बसतो, दोन्ही बाजूंना साडेनऊ मिमी मोकळे राहतात. याहून जाड बॉयलरचा मोह नको. हूड पितळी किंवा जीआय पत्र्याचा करा. थ्रीडी प्रिंटचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं.

गॅसची टाकी बॉयलरला खेटून ठेवणं ही धोक्याची चूक. ब्युटेनचा दाब २० अंशांना साधारण १.१ बार असतो, ५० अंशांना ४ बारच्या घरात जातो. मग ज्योत आपोआप वाढते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सतत फुसफुसतो. टाकी केबिनच्या पलीकडे, छोट्या हूडमध्ये ठेवा, २० टक्के रिकामी ठेवा, गॅस वरच्या भागातून काढा. घरगुती सिलिंडरमधला गॅस तिच्यात कधीही भरू नका: त्यात प्रोपेन असतो, दाब खूप जास्त.

बॉयलरला १.६ मिमी जाडीची तांब्याची नळी, २२ मिमीचा फ्ल्यू, १८० मिमी लांबी. आत सुमारे २४० मिली जागा मिळते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्निंगला देताना बुश (बॉयलरला जोडण्या बसवायची आट्यांची कडी) गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे, हवेत हे स्पष्ट सांगा, नाहीतर पितळ लागतं आणि काही वर्षांत त्यातलं जस्त निघून बुश ठिसूळ होतो. सांधे ४५ टक्के चांदीच्या कांडीने जोडा. फ्रिजवाल्याच्या फॉस्फरसयुक्त कांड्या इथे नकोत, कथलाचा डाग तर नाहीच. कामाचा दाब ४० पीएसआय असेल तर थंड पाण्याने ८० पर्यंत चाचणी घ्या, २० मिनिटं काटा हलता कामा नये. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. सांधा सुटला तर दाबलेली हवा तुकडे उडवते, पाणी नुसतं गळतं.

ओढताना इंजिन अडकत असेल तर गिअर पाहा. ४३ मिमीच्या चाकाला ३:१ ची घट लागते, म्हणजे इंजिनाचे तीन फेरे, चाकाचा एक. वळणावरच अडकत असेल तर बोगीकडे (चाकांच्या वळणाऱ्या सांगाड्याकडे) जाणाऱ्या कार्डन शाफ्टला, म्हणजे सांध्यांच्या फिरत्या दांड्याला, सरकायला जागा नाही. इंजिनाच्या सिलिंडरला बाइकचं २०डब्ल्यू४० तेल घालू नका, पाण्यात मिसळून त्याचा पांढरा चिकट लगदा होतो. ४६० ग्रेडचं स्टीम सिलिंडर तेल लागतं.

बोअरचं पाणी क्षार सोडतं, डिस्टिल्ड पाणी भरा: १८० मिली. गॅस पाण्याआधी संपेल एवढाच भरायचा. पहिली फेरी मोकळ्यावर, हूड लावूनच घ्या, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर उरलेलं पाणी मोजा. ४० मिलीपेक्षा कमी निघालं तर पुढच्या वेळी गॅस कमी भरा.