१९४८ चे बळी मोजताना: यादीत न आलेल्यांचा अंदाज कसा काढायचा

सोलापूरहून नळदुर्ग जेमतेम पन्नास किलोमीटर. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज याच वाटेने निजामाच्या हद्दीत शिरली. त्याआधी रझाकारांनी हिंदूंवर अत्याचार केले. फौजेच्या या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शननंतर, मुसलमान मारले गेले. या नंतरच्या हिंसेत २७ ते ४० हजार माणसं गेली, असा अंदाज नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने दिला. मात्र समिती थोड्याच गावांत पोचली होती आणि ती गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. म्हणून तालुक्यापुरतं काम करायचं तर नावांपासूनच सुरुवात करा.

आधी चौकट कागदावर लिहा: कोणता तालुका, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, बळी कोणाला म्हणायचं. रझाकारांनी मारलेले आणि नंतर मारले गेलेले यांचे अंदाज वेगवेगळे काढा. फौजेशी लढताना पडलेल्यांचा रकाना निराळा. उपासमारीने किंवा रोगाने गेलेले धरायचे की नाही, हेही आत्ताच ठरवा. आकडा हाती आल्यावर व्याख्या बदलली तर सगळं काम वाया जातं.

मग एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान दोन याद्या हव्यात. उदाहरणार्थ, एक सरकारी कागदपत्रांतून, दुसरी घरोघरी विचारून. समजा पहिल्या यादीत ८४ नावं, दुसरीत ६०, आणि दोन्हींत सापडलेली २८. (हे आकडे फक्त गणितासाठी.) दोन याद्यांतल्या सामाईक नावांवरून एकूण संख्येचा अंदाज देणाऱ्या चॅपमनच्या सूत्राने (८४+१)×(६०+१)÷(२८+१)−१, म्हणजे सुमारे १७८. प्रत्यक्ष वेगळी नावं ११६. म्हणजे साधारण ६२ माणसं कोणत्याच यादीत नाहीत. ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता, येते १४० ते २१५.

खरी मेहनत आहे ती नावं जुळवण्यात. एका यादीत ‘इमामसाब पटेल’, दुसरीत उर्दूतून उतरवलेलं ‘शेख इमाम वल्द कासिम’. माणूस एकच असू शकतो. आपल्या भागात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांतून नाव फिरतं. कुठे आडनाव आधी, कुठे गावाचं नावच आडनाव. निजामी कागदांवर फसली सन (निजामी राज्यातली महसुली कालगणना) असतो, तो इंग्रजी तारखेत बदलून घ्या. नाव, बापाचं नाव, गाव, अंदाजे वय, मृत्यूचा महिना असे पाच रकाने ठेवा. दोघांनी एकमेकांना न विचारता जोड्या लावाव्यात आणि मतभेद तिसऱ्याने सोडवावेत. वरच्या उदाहरणात फक्त सात जोड्या निसटल्या, म्हणजे २८ च्या जागी २१ आल्या, तर अंदाज १७८ वरून २३५ वर जातो. खोटी जोडी लावली की उलट होतं, आकडा घसरतो.

दुसरा धोका याद्यांच्या नात्याचा. दोन्ही याद्या एकाच जमातीच्या पुढाऱ्यांकडून आल्या असतील, तर तीच नावं पुन्हा पुन्हा येतात आणि अंदाज कमी निघतो. एक यादी तुळजापूरची, दुसरी उमरग्याची असेल तर जुळणारी नावं नसतातच, अंदाज फुगतो. तीन-चार याद्या असतील तर लॉग-लिनियर मॉडेलने (याद्यांतल्या जुळणीवरून त्यांचं आपसातलं नातं मोजणारी सांख्यिकी रीत) हे परस्परावलंबन काही अंशी तपासता येतं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये याच रीतीने तिथल्या अंतर्गत संघर्षातल्या ६९,२८० बळींचा अंदाज दिला. नावानिशी नोंद होती सुमारे २४ हजारांची. पण ज्या घरात सांगायला कोणीच उरलं नाही, त्या घराची माणसं कुठल्याच यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी पडकी घरं, वारस नसलेल्या जमिनी, शेजाऱ्यांच्या आठवणी वेगळ्याने नोंदवा.

१९४१ आणि १९५१ च्या जनगणनेतली वजाबाकी म्हणजे मृतांचा आकडा, असं कधीही धरू नका. मधल्या काळात हजारो कुटुंबं सोलापूरकडे, हैदराबादकडे, पाकिस्तानात गेली. शिवाय या दहा वर्षांत जन्मही झाले, म्हणून तो फरक तुमच्या अंदाजाची वरची मर्यादाही ठरत नाही.

अहवालात एकच आकडा छापू नका. ‘१४० ते २१५, मध्य १७८’ असं लिहा, सोबत प्रत्येक यादी कुठून आली ते आणि जोड्यांचा नियम द्या. नावांची मूळ वही मात्र कुलूपबंद ठेवा. त्या गावांत दोन्ही बाजूंची नातवंडं आजही शेजारी राहतात.