शाळेच्या बँडमध्ये नव्याने आलात? या चुका टाळा

जूनमध्ये शाळा सुरू होते, नवी मुलं बँडमध्ये येतात आणि १५ ऑगस्टला त्यांना मैदानात वाजवायचं असतं. हातात जेमतेम दोन महिने. दर वर्षी मी एक गोष्ट पाहते: चूक कानाला खटकते एका जागी आणि असते भलत्याच जागी. सूर फाटला की मूल बोटांकडे बघतं, आणि खोट निघते मोजण्यात किंवा श्वासात.

आधी मात्रा तपासा

सगळे एकत्र सुरू करतात आणि तिसऱ्या बारला (बार म्हणजे कागदावर दोन उभ्या रेघांमधल्या मात्रा) कुणीतरी पुढे निघून जातं. नव्वद टक्के वेळा नाही म्हणणार, पण बहुतेकदा तिथे रेस्ट असतो. रेस्ट म्हणजे वाजवायचं थांबवणं, मोजायचं थांबवणं नव्हे. तबला शिकणाऱ्या मुलांना हे लगेच पटतं: तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, टाळी पडत नाही, म्हणून ती मात्रा कुणी गाळत नाही. असं झालं तर वाद्य खाली ठेवा. जागच्या जागी पावलं टाका, ओळ तोंडाने ‘ता, ता’ म्हणा आणि रेस्ट आला की आकडा मोठ्याने उच्चारा. आताही घसरलात, तर बोटांचा काही दोष नाही.

दुसरी गफलत एटथ नोटची. क्वार्टर नोट एका मात्रेचा, एटथ अर्ध्या मात्रेचा. जोडलेल्या शेपट्या दिसल्या की मुलं पळत सुटतात. पण दुगुनीत ताल पळत नाही, एका मात्रेत दोन बोल बसतात, एवढंच. पाऊल तेच राहिलं पाहिजे.

लयीसाठी भिंतीवरचं घड्याळ पुरतं. संचलनात मिनिटाला १२० पावलं, म्हणजे सेकंदकाट्याच्या एका टिकीला दोन. सुरुवात मात्र टिकीला एक अशी करा आणि आठवडाभर वाढवू नका. राष्ट्रगीताची ठरलेली लांबी सुमारे ५२ सेकंद आहे. आपल्या बँडची एकदा वेळ लावून बघा. नवा बँड बऱ्याचदा मिनिटाच्या पुढे जातो, कारण प्रत्येक ओळीच्या शेवटचा लांब सूर सगळे जरा जास्तच धरतात.

‘मी सी वाजवला, तरी पेटीशी जुळत नाही’

ही तक्रार मला फार महत्त्वाची वाटते, कारण इथे मुलाची काही चूक नसते आणि तरी ओरडा त्यालाच बसतो. आपल्याकडची मुलं सा पासून शिकतात. सा हलतो; कुणी पांढरी चारमध्ये गातं, कुणी काळी एकमध्ये. सी मात्र पेटीवरची पांढरी एक, ती जागा सोडत नाही. मग गोंधळ कुठे होतो? क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बहुधा बी फ्लॅटची असतात. त्यांच्या कागदावर सी लिहिलेला असला तरी ऐकू येते काळी पाच. पेटीच्या पांढरी एकशी जुळायचं तर त्यांनी डी वाजवायला हवा. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा. त्याच्या सी ला काळी दोन ऐकू येते, आणि पांढरी एक हवी असेल तर त्याने ए वाजवायचा. म्हणून एकाच कागदाच्या झेरॉक्स सगळ्यांना वाटू नका. प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा असतो आणि वर कोपऱ्यात वाद्याचं नाव छापलेलं असतं. आधी ते वाचा.

रेकॉर्डर किंचाळतो तेव्हा

रेकॉर्डर म्हणजे तोंडात धरून फुंकायची उभी बासरी. ती किंचाळली की मूल म्हणतं, जोर कमी पडला, आणि आणखी जोरात फुंकतं. खालच्या सी ला फुंकर अगदी हळू लागते, गरम चहावर घालतो तेवढी. तेवढ्यानेही किंचाळला तर कुठलं तरी भोक अर्धवट उघडं आहे. बोटं दाबून धरा, उचला आणि पेरांवर उमटलेला वळ पाहा. गोल पूर्ण उमटला नसेल ते बोट दोषी. डावा हात वर, उजवा खाली. उलटे धरलेत तर पुढे सगळं अवघड होतं.

एकटा एफ बेसूर येत असेल तर रेकॉर्डर उलटा करून मागे प्रकाराची खूण आहे का बघा. त्याचे जर्मन आणि बरोक असे दोन प्रकार मिळतात आणि एफ ची बोटं दोन्हींत वेगळी असतात. शेजारच्याच्या बोटांची नक्कल करून उपयोग नाही.

बिगुल आणि साइड ड्रम

बिगुलाला कळा नसतात. नेहमीचे इशारे पाच सुरांत वाजतात, आणि ते ओठ व हवा यांवरच निघतात. वरचा सूर लागेना की मुलं बिगुल ओठांवर दाबतात. त्याने ओठ बधिर होतात आणि आधी येणारा सूरही जातो. ओठांचे कोपरे घट्ट ठेवा, हवा वेगाने सोडा, गाल फुगवू नका. दहा मिनिटं वाजवलं की विसावा.

ड्रमची काठी मुठीत आवळू नका. तिला कातड्यावरून स्वतः उसळू द्या. रोल, म्हणजे सलग घुमणारा आवाज, हवा असेल तर उजवा-उजवा, डावा-डावा, हळू.

मैदानावर

वर्गात जुळलेला बँड मैदानात विस्कटतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर लांबच्या मुलाला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. १२० च्या लयीत तो मात्रेचा पाचवा हिस्सा झाला. त्यामुळे लांब उभं राहिलात तर कानावर विसंबू नका, पुढच्याचं डावं पाऊल आणि सरांचा हात बघा. बेस ड्रम शक्यतो मधोमध ठेवा.

२६ जानेवारीच्या सकाळी आणखी एक गोष्ट घडते: थंडीत फुंकवाद्यांचा सूर उतरतो. ओळीत उभं राहिल्याबरोबर घाईने स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) आत ढकलू नका. पाच मिनिटं वाद्यात आवाज न काढता उबदार हवा सोडा, मग जुळवा. नाहीतर ऊन चढलं की वाद्य चढतं आणि झेंडा वर जाईपर्यंत सगळे पुन्हा बेसूर झालेले असतात.