नळीची वाट दोघांनीच चढताय? या चुका टाळा

पाचनईहून किंवा तोलारखिंडीतून हरिश्चंद्रगड पाहून आलेले दोन मित्र जेव्हा कोकणाच्या बाजूच्या बेलपाडा गावाहून नळीच्या वाटेने चढायचे ठरवतात, तेव्हा पहिली चूक बहुधा घरीच झालेली असते. गड तोच, म्हणजे वाटही साधारण तशीच असणार, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. पाचनईची वाट मळलेली आणि दोन-तीन तासांची आहे. नळीची वाट म्हणजे कोकणकड्याला, गडाच्या पश्चिमेच्या प्रचंड कड्याला, लागून उतरलेली, दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ. तीतून हजार मीटरच्या घरातली चढाई करावी लागते, मध्ये कातळटप्पे येतात आणि सराईत माणसांचाही पूर्ण दिवस जातो. पावसाळ्यात याच घळीतून पाणी आणि दगड खाली येतात, त्यामुळे त्या महिन्यांत तिचे नावही काढू नये.

दोघेच जाणे ही दुसरी चूक. एकाचा पाय मुरगळला, तर दुसऱ्याने त्याच्याजवळ बसून राहावे किंवा त्याला एकटे सोडून मदत आणायला जावे, एवढेच पर्याय उरतात. नळीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नसल्याने दोन्ही वाईट आहेत. बेलपाड्यातला माहीतगार वाटाड्या सोबत घेतला, तर ही अडचण बरीच सुटते आणि वाट चुकण्याचा प्रश्नही मिटतो, कारण सुरुवातीला ओढ्याच्या पात्रातून जाताना बाजूच्या घळी नवख्याला सारख्याच दिसतात. तरीही चुकलात आणि बराच वेळ माणसांच्या वावराची कोणतीच खूण दिसली नाही, तर ‘वर जाऊन पाहू’ म्हणत कातळावर चढू नका. चढलेला कातळ उतरणे अधिक अवघड असते. शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या.

खरा धोका सुट्या दगडांचा आहे, आणि तो बहुतेक वेळा आपलाच मित्र खाली पाठवत असतो. मुठीएवढा दगड पन्नास फूट घरंगळला, की त्याला डोके फोडण्याइतका वेग येतो. रुंद भागात दोघांनी जवळजवळ चालावे, म्हणजे निसटलेला दगड वेग घेण्याआधीच लक्षात येतो. अरुंद, घसाऱ्याच्या (सुट्या माती-दगडांच्या निसरड्या) भागात याच्या उलट करावे: एक जण वरच्या मोठ्या शिळेआड पोहोचेपर्यंत दुसऱ्याने कडेच्या भिंतीला चिकटून, पडणाऱ्या दगडांच्या रेषेबाहेर थांबावे. दगड सुटताच ‘दगड!’ अशी आरोळी द्यावी आणि खालच्याने वर न पाहता भिंतीशी अंग चोरावे. गिर्यारोहणाचे हलके हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर हवेच. दमदार गड्याने ‘पुढे जाऊन थांबतो’ म्हणून निघून जाणे ही तर या वाटेवर बेपर्वाईच आहे.

कातळटप्प्यावर आधीच लटकत असलेल्या जुन्या दोरावर भार टाकू नये. तो किती उन्हाळे तापला आहे आणि वर कशाला बांधला आहे, हे खालून कळत नाही. स्वतःचा दोर नेला, पण बिले देता, म्हणजे चढणाऱ्याला दोराने पडण्यापासून धरून ठेवता, येत नसेल, तर चढताना त्या दोराचा आधार मानू नये. अवघड टप्प्यावर सॅक पाठीवर ठेवून झुंजण्यापेक्षा ती मागून दोराने ओढून घ्यावी.

हिवाळा सरत आला, की घळीतल्या पाण्याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून माणशी चार लिटर पाणी खालूनच न्यावे. मांड्यांत किंवा पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, तर नुसते पाणी ढोसत न चढता सावलीत थांबावे, स्नायू हळूहळू ताणावेत आणि ओआरएस घोट घोट घ्यावे. मित्र असंबद्ध बोलू लागला किंवा तोल सांभाळेनासा झाला, तर ते दमणे नसून उष्माघात असू शकतो; चढाई थांबवून त्याचे अंग ओले करावे, वारा घालावा आणि मदत मिळवावी.

माळ्यावरून काढलेले चार-पाच वर्षांपूर्वीचे बूट बाहेरून नवे दिसतात, पण त्यांच्या तळव्यातला फोम ओलाव्याने ठिसूळ झालेला असू शकतो आणि पहिल्याच दगडांत सोल जिभेसारखा लोंबू लागतो. आदल्या आठवड्यात ते घालून जिने चढून पाहावेत. वाटेतच सोल निघाला, तर चिकटपट्टीचे वेढे पंजाभोवती आणि टाचेभोवती घट्ट द्यावेत. नाडीने बांधलेला सोल दगडावर घासून लगेच सुटतो.

कड्यांवर आग्या मोहोळे असतात, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा.

वेळेचे गणित निघण्यापूर्वीच ठरवावे. पहाटे बेलपाडा सोडून दुपारी बाराच्या आत पहिला कातळटप्पा गाठला नाही, तर तेथूनच परतावे, कारण उरलेले टप्पे अंधारात चढणे किंवा उतरणे या दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात. शिवाय दुचाकी बेलपाड्यात ठेवून पाचनईला उतरण्याचा बेत फार जण आखतात आणि संध्याकाळी त्यांच्या ध्यानात येते की, गाडी डोंगरापलीकडे कोकणात आहे आणि रस्त्याने तिथे जायला कोतूळ, ओतूर, माळशेज असा मोठा वळसा पडतो. एक तर स्वतःची गाडी न नेता एसटी-जीपने बेलपाडा गाठावा, नाही तर गडावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी वाटाड्यासोबत साधले घाटाच्या वाटेने बेलपाड्याकडे खाली यावे. हा उतारही उजेडातच संपवायचा असल्याने सकाळी लवकर निघावे लागते.