संगणक मराठीत करताना या चुका टाळा

"अरे, कालपासून पासवर्डच घेत नाहीये!" आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या काकूंचा सकाळी साडेसातला फोन. आदल्या संध्याकाळी त्यांनी हौसेनं लॅपटॉपला मराठी जोडली होती. पासवर्ड बरोबरच होता, बदलला होता कीबोर्ड. लॉगिनच्या चौकटीत अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, त्यामुळे आपण देवनागरीत टाइप करतोय हे कळतच नाही. खाली उजव्या कोपऱ्यातल्या भाषेच्या चिन्हावरून इंग्रजी निवडलं आणि लॅपटॉप उघडला. एरवी विंडोजची कळ दाबून धरून स्पेस दाबली तरी कीबोर्ड बदलतो.

बहुतेक घोटाळ्यांचं मूळ इथेच आहे. पडद्यावरच्या मेनूची भाषा, टायपिंगचा कीबोर्ड आणि तारखा-आकड्यांची पद्धत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज ११ मध्ये त्या सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन या वाटेनं जवळजवळ भेटतात, म्हणून एकच वाटतात. एका वेळी एकच बदला.

पण त्याआधी सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडून आपली आवृत्ती कोणती ते वाचा. तिथे ‘होम सिंगल लँग्वेज’ असं लिहिलं असेल, तर या परवान्यात मेनूची एकच भाषा चालते. आपल्याकडे दुकानातून घेतलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर हीच आवृत्ती असते आणि विकताना ते कुणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. माणूस दोन-दोन तास ‘डिस्प्ले लँग्वेज’ची यादी उघडतो, मिटतो आणि चूक आपलीच समजतो. तुमची चूक नाही. पैसे भरून वरची आवृत्ती घेता येते, पण केवळ मेनूसाठी तो खर्च करा असं मी सांगणार नाही. मराठी कीबोर्ड याही आवृत्तीत चालतो, आणि क्रोम किंवा फायरफॉक्स त्यांच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून मराठीत करता येतात. दिवसातला बराच वेळ ब्राउझरमध्येच जात असेल, तर तेवढ्यानंही पुष्कळ काम भागतं.

आवृत्ती परवानगी देत असेल, तर ‘अ‍ॅड अ लँग्वेज’वर जाऊन मराठी निवडा. भाषेचा संच इंटरनेटवरून उतरतो, तेव्हा मोबाइलचा डेटा संपत आला असेल तर थांबा. संच उतरला तरी मेनू इंग्रजीच दिसतात आणि लोक घाबरून सगळं काढून पुन्हा सुरुवात करतात. त्याची गरज नसते. साइन आउट करून पुन्हा आत या. त्यानंतरही काही ठिकाणी इंग्रजी शब्द राहतात, कारण मराठी संच इंग्रजीच्या पायावर उभा आहे. म्हणूनच मराठी आली म्हणून यादीतून इंग्रजी काढून टाकू नका. पासवर्डसाठी ती लागतेच.

लॉगिनचा पडदा इंग्रजीतच राहिला, तर ‘लँग्वेज अँड रीजन’च्याच पानावर खाली ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज’ आहे. तिथल्या ‘कॉपी सेटिंग्ज’मधून निवडलेली भाषा वेलकम स्क्रीनलाही लावता येते.

कीबोर्ड निवडतानाही गडबड होते. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डची मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आहे, पण टाइपरायटरवर शिकलेल्या हाताला ती परकी वाटते. ‘aai’ लिहून ‘आई’ उमटावी असं वाटणाऱ्यांनी मराठी फोनेटिक घ्यावा. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून तो आतच मिळतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही.

रीजनल फॉरमॅटला, म्हणजे तारखा-आकड्यांच्या पद्धतीला, मात्र कारणाशिवाय हात लावू नका. तो मराठी केला की महिन्यांची नावं मराठीत येतात, आणि बँकेतून आलेल्या फाइलमधल्या इंग्रजी महिन्याच्या तारखा एक्सेल निव्वळ मजकूर समजू शकतं. मग क्रम लावताना सगळा हिशोब विस्कटतो.

आणखी एक गैरसमज पेठांतल्या छापखान्यांपासून संस्थांच्या कचेऱ्यांपर्यंत दिसतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल मेनू मराठीत केल्यानं वाचता येत नाही. त्या मजकुरात आतून वेगळेच संकेत असतात. तो फॉन्ट हवा, नाहीतर कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या संकेतांत, आणायला हवा.

विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांनी एवढंच जपावं: भाषा बदलून पुन्हा लॉगिन केल्यावर ‘डाउनलोड्स’सारख्या फोल्डरांची नावं बदलायची का, असं विचारलं जातं. जुनीच नावं ठेवा, नाहीतर आधी जोडलेले मार्ग तुटतात.

आणि चुकून तमिळ किंवा कोरियन लागली तर? विंडोजची कळ आणि आय एकत्र दाबा, डावीकडे घड्याळाचं चिन्ह शोधा, मग चिन्हात A अक्षर असलेली ओळ उघडा. डिस्प्ले भाषेची यादी त्या पानावर वरच असते, आणि यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहिलेलं असतं. ‘मराठी’ लगेच डोळ्यांत भरते.